रंगवलेले कन्सोल टेबल : खरवडावे की राखावे?

प्रश्न : आम्ही काही वर्षांपासून इंग्लंडमध्ये बाथ येथे राहतो. गेल्या हिवाळ्यात इथल्या एका लिलावात आम्ही अर्धगोलाकार, चार निमुळत्या पायांचे, हस्तिदंती रंगाने रंगवलेले एक कन्सोल टेबल घेतले. वरच्या फळीवर फुलांच्या माळा आणि मधोमध लंबगोलात तीन स्त्रियांचे चित्र आहे. पुढच्या पट्टीवर उठावाचे कलश आणि सोनेरी रेघा आहेत. लिलावाच्या यादीत ‘अ‍ॅडम शैली, विसाव्या शतकाचा आरंभ’ एवढेच लिहिले होते. आता फळीच्या उजव्या बाजूला रंगाचे पोपडे सुटू लागले आहेत, व्हार्निश पिवळे पडले आहे, फुलदाणीचा एक पांढरा गोल डाग उमटला आहे आणि मागच्या एका पायाला बारीक भोके आहेत. पुण्याहून आलेल्या सासूबाई म्हणतात, रंग खरवडून पॉलिश करा, खाली उत्तम लाकूड निघेल. मैत्रीण म्हणते, वरून चॉक पेंट, म्हणजे खडूसारखा बिनचमकीचा रंग, मारा. घरात अडीच वर्षांचा मुलगा आहे. टेबल दिवाणखान्यात खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरला लागून ठेवले आहे आणि भाद्रपदात गणपती त्यावरच बसवावा असे मनात आहे. टेबल खरेच जुने आणि मौल्यवान आहे का, आणि त्याचे काय करावे? – एक वाचक, बाथ

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण विचारलेल्यांपैकी एका गोष्टीचे उत्तर आधी देत आहे, कारण ते चुकले तर बाकीच्या उत्तरांना अर्थ उरणार नाही. या टेबलाचा रंग खरवडू नका आणि त्यावर दुसरा रंगही चढवू नका. लिलावात आपण ज्या वस्तूसाठी पैसे मोजले ती वस्तू मुख्यत्वे हा रंगाचा थर आहे. आतले लाकूड त्याला उभे धरणारा सांगाडा आहे.

सासूबाईंचा सल्ला अनुभवातून आलेला आहे, आणि पुण्यातल्या एखाद्या जुन्या कपाटाला तो लागूही पडला असता. आपल्याकडे सागवानी दारांवर, कपाटांवर आणि पाळण्यांवर पुढच्या पिढ्यांनी ऑइल पेंटचे थरावर थर चढवले, त्यामुळे ते काढले की मूळचे सागवान उजेडात येते आणि इतकी वर्षे हे झाकून का ठेवले म्हणून सगळे घर हळहळते. अशा कपाटात लाकूड मूळचे असते आणि रंग उपरा असतो. इंग्लंडमधल्या रंगीत कन्सोल टेबलात हे नाते उलटे असते. लाकूड दिसणार नाही हे कारागिराने पहिल्याच दिवशी ठरवलेले असते, म्हणून तो पायांना बीच, चौकटीला पाइन असे जे स्वस्त आणि कामाला सोपे ते घेतो, गाठी आणि सांधे लांबी (पुट्टी) भरून बुजवतो, आणि त्यावर खडूची पूड व सरस यांचा पांढरा, गुळगुळीत थर देऊन मगच रंगवायला घेतो. या पांढऱ्या थराला गेसो म्हणतात. पुढच्या पट्टीवरचे उठावाचे कलशही बहुधा कोरलेले नसतील. खडू, सरस, राळ आणि जवसाचे तेल यांचा लगदा साच्यात दाबून, काढून, वर चिकटवलेले असतील. अ‍ॅडम बंधूंच्या, म्हणजे ज्या अठराव्या शतकातल्या वास्तुशिल्पी भावांवरून ही शैली ओळखली जाते त्यांच्या, काळापासून लंडनमध्ये ही पद्धत रूढ आहे. रंग काढण्याचे रसायन अशा नक्षीवर पडले की ती मऊ पडते आणि ब्रशबरोबर निघून येते. एवढा खटाटोप संपल्यावर आपल्या हाती दोन-तीन जातींच्या, वेगवेगळ्या छटांच्या, ठिकठिकाणी लांबी भरलेल्या फळ्या उरतील, आणि त्यांना कितीही पॉलिश केले तरी त्या एकजीव दिसणार नाहीत. हे सासूबाईंना सांगताना टेबल उलटे करून त्याची खालची बाजू दाखवा. लाकडाची पारख असलेल्या माणसाला तेवढे पुरते.

चॉक पेंटचा मार्ग सौम्य वाटतो, परंतु तो मला तितकाच नापसंत आहे. तो रंग बारीक तड्यांमध्ये शिरून घट्ट धरतो, आणि पुढे कोणाला तो काढावासा वाटला तर मूळ चित्राला धक्का न लावता काढणे जवळजवळ अशक्य होते. शिवाय जिथे खालचा थरच लाकूड सोडत आहे तिथे वरचा नवा थरही त्याच्यासकट सुटणार. स्वस्त, नुकत्याच बनवलेल्या फर्निचरवर हा रंग खुशाल वापरावा. हाताने चितारलेल्या फळीवर त्याचा ब्रश टेकवू नये.

मुळात हे टेबल रंगवलेच का, हे कळले की त्याच्याशी कसे वागायचे हेही बरेचसे कळते. आपण बाथमध्ये राहता, म्हणजे एव्हन नदीवरच्या पुल्टनी पुलावरून आपले जाणे-येणे होत असणार. दोन्ही बाजूंना दुकाने असलेला तो पूल १७७४ साली पूर्ण झाला आणि त्याचा आराखडा रॉबर्ट अ‍ॅडम यांचा होता. १७२८ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले अ‍ॅडम १७५४ मध्ये इटलीला जाण्यासाठी निघाले आणि १७५८ मध्ये परतले. ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या रोमन शहरांपैकी हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ साली आणि पॉम्पेईचे १७४८ साली सुरू झालेले असल्यामुळे रोमन लोकांच्या राहत्या घरांतल्या भिंती त्या सुमारास प्रथमच नव्याने पाहायला मिळत होत्या, आणि त्या भिंतींवर देवळांतल्या जाडजूड खांबांऐवजी झुलत्या माळा, बारीक वेली, कलश, पदके आणि पंखवाले प्राणी होते. अ‍ॅडम यांनी ही नाजूक चित्रलिपी इंग्रज सरदारांच्या दिवाणखान्यांत आणली. लंडनजवळचे ऑस्टर्ली आणि सायन, लंडनमधलेच केनवुड, डर्बीशरमधले केडलस्टन या वाड्यांतली त्यांची कामे आजही पाहता येतात. त्यांच्या लेखी छत, भिंत, गालिचा, आरसा आणि टेबल ही एकाच रेखाटनाची अंगे होती. दोन खिडक्यांमधल्या भिंतीच्या पट्ट्यावर उंच आरसा लावायचा, त्याच्या पायाशी अर्धगोल टेबल ठेवायचे, आणि त्या टेबलाची नक्षी व रंग भिंतीशी आणि छताशी जुळवायचे, अशी ती मांडणी असे. टेबल भिंतीसारखेच रंगवले जाई, कारण ते भिंतीचाच पुढे आलेला भाग मानले जाई. या टेबलांवर फारसे काही ठेवण्याची अपेक्षाही नसे. ती उभे राहून पाहायची असत.

ही शैली अ‍ॅडम यांच्यानंतर मागे पडली आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात पुन्हा वर आली. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात राइट अँड मॅन्सफील्ड या लंडनच्या पेढीने अ‍ॅडम शैलीतले सॅटिनवुडचे एक भव्य कपाट मांडले. ते आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तेव्हापासून दोन महायुद्धांच्या मधल्या काळापर्यंत इंग्लंडमध्ये अशी टेबले, कपाटे आणि खुर्च्या मोठ्या संख्येने बनल्या, आणि सातव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, म्हणजे १९०१ ते १९१० या काळात, तर त्यांना फार मागणी होती. आपले टेबल याच लाटेतले दिसते. इंग्रजी लिलावांच्या याद्यांत ‘शैली’ हा शब्द जपून वापरलेला असतो. वस्तू त्या काळातली असती तर नुसता काळ लिहिला असता. म्हणजे यादीने आपली फसवणूक केलेली नाही. टेबल अठराव्या शतकातले नाही हे तिने सांगितलेच होते.

लंबगोलातल्या तीन स्त्रियांबद्दल एक सावधगिरीची सूचना. अशा चित्रांना अँजेलिका काउफमन यांचे नाव फार सहजपणे जोडले जाते. १७४१ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या या चित्रकर्तीने १७६६ पासून पुढची पंधरा वर्षे लंडन गाजवले आणि १७६८ साली स्थापन झालेल्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या संस्थापक सदस्यांत ज्या दोनच स्त्रिया होत्या त्यांपैकी त्या एक होत्या. त्यांच्या चित्रांवरून कोरलेले छाप घरोघरी पोचले आणि फर्निचर रंगवणाऱ्यांनी ते पुढची शंभर-सव्वाशे वर्षे समोर ठेवून गिरवले. आपले चित्रही अशाच एखाद्या छापावरून उतरवलेले असणे स्वाभाविक आहे. टेबल खुद्द त्यांनी रंगवले असे कोणी सांगू लागले तर मात्र त्यावर पैसे लावू नका. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून चित्र पाहा. हाताचे काम असेल तर गालावर आणि वस्त्राच्या चुणीवर ब्रशच्या केसांचे माग दिसतील, एका रंगावर दुसरा रंग किंचित चढलेला दिसेल. आणि सारखे, यांत्रिक ठिपके दिसले तर छापील कागद चिकटवून वरून व्हार्निश दिलेले आहे असे समजावे. या शैलीच्या पुनरुज्जीवनाच्या काळात हेही सर्रास केले जाई, आणि तसे निघाले तरी मन खट्टू करून घेण्याचे कारण नाही.

वयाचा अंदाज टेबलाच्या तळातून मिळेल. ते भिंतीपासून ओढून, खाली चादर अंथरून त्यावर निजून विजेरीने पाहा. उघडे लाकूड काळाने तपकिरी पडलेले असते, आणि ते सगळीकडे सारख्याच गडद रंगाचे दिसले तर मुद्दाम रंग फासल्याचा संशय घ्यावा. करवतीचे माग गोल कमानीसारखे असतील तर लाकूड चक्राकार यंत्रकरवतीने कापलेले आहे, म्हणजे ते एकोणिसाव्या शतकातले किंवा नंतरचे आहे. स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकानंतरचा. अर्थात स्क्रू दुरुस्तीतही बदललेला असू शकतो. प्लायवुड दिसले तर टेबल विसाव्या शतकातले मानावे. किमतीविषयी मी एवढेच म्हणेन की लिलावात आपण जी रक्कम दिली तीच आजची बाजारातली किंमत समजावी. ती वाढेल या आशेने काही करू नये. टेबल राखण्याजोगे आहे ते त्याच्यावरच्या हातकामासाठी.

आता पोपड्यांकडे वळतो, कारण घाई आहे ती इथेच. रात्री खोलीतले दिवे मालवून विजेरी फळीच्या कडेला जवळजवळ आडवी धरा आणि प्रकाश फळीवरून सरपटत जाऊ द्या. जो रंग सुटलेला आहे त्याची कड सावली टाकेल. काही ठिकाणी पापुद्रा तंबूसारखा वर उचललेला दिसेल, काही ठिकाणी वाटीसारखा वळलेला. आपल्याला उघड्या डोळ्यांनी दिसतो त्याहून बहुधा मोठा भाग सुटलेला निघेल. या भागाला बोट लावू नका, चिकटपट्टी लावू नका, तो फेविकॉलसारख्या गोंदाने दाबू नका आणि त्यावरून कापड फिरवू नका. गळून पडलेला प्रत्येक तुकडा, नखाएवढा असला तरी, हातमोजे घालून उचला आणि कोठून पडला ते लिहून लिफाफ्यात ठेवा. तज्ज्ञ हे तुकडे पुन्हा बसवू शकतात. त्यांची पद्धत अशी असते : माशांपासून केलेला पातळ सरस किंवा तत्सम चिकट द्रव अगदी बारीक ब्रशने पापुद्र्याखाली सोडायचा, तो लवचीक होईपर्यंत थांबायचे, आणि मंद उष्णतेने हलकेच खाली बसवायचे. हे काम घरी करण्याचे नाही. ब्रिटनमध्ये आयकॉन ही जतनतज्ज्ञांची संस्था आहे आणि बाफ्रा ही जुने फर्निचर दुरुस्त करणाऱ्यांची संघटना आहे. दोन्हींकडे आपल्या भागातल्या सदस्यांची नावे मिळतात. विचारताना ‘रंगीत पृष्ठभागाचा अनुभव आहे का’ हे आवर्जून विचारा, कारण लाकडाचा उत्तम कारागीर रंगाच्या बाबतीत अनभिज्ञ असू शकतो. जिथे रंग पूर्ण गेला आहे तिथे नवा रंग भरायचा झाला तर तो फक्त खड्ड्यापुरता असावा, मूळ रंगावर पसरू नये आणि पुढे कधीही काढता यावा, या तीन अटी लेखी घ्याव्यात. कामाआधीची आणि नंतरची छायाचित्रेही मागून घ्यावीत.

पिवळे व्हार्निश तसेच राहू द्यावे असे माझे मत आहे. हस्तिदंती रंग, सोनेरी रेघा आणि हा पिवळेपणा आता एकमेकांत मुरलेले आहेत, आणि व्हार्निश उतरवताना खालची बारीक रंगरेषा उतरण्याचा धोका फार मोठा असतो. तज्ज्ञाने पाहून अन्यथा सांगितले तर त्याचे ऐकावे. तोवर धूळ फक्त मऊ, कोरड्या, रुंद ब्रशने झाडावी, तीही पक्क्या भागावरची. पाणी लावू नये. सोन्याचा वर्ख सरसाच्या थरावर बसवलेला असेल तर ओल्या बोळ्यानेही तो निघून येतो. फर्निचर चकचकीत करणारे फवारे, खोबरेल, जवसाचे तेल, लिंबू यांतले काहीही नको. फुलदाणीचा पांढरा डाग व्हार्निशमध्ये शिरलेल्या ओलाव्याचा आहे, तो पांढरा आहे तोवर इजा वरवरची आहे. त्यावर टूथपेस्ट, मीठ-तेल किंवा इस्त्री हे घरगुती उपाय करण्यापेक्षा तो तसाच ठेवून तज्ज्ञाकडे सोपवणे बरे.

पायाची भोके फर्निचरच्या भुंगेऱ्याची दिसतात. त्याची भोके साधारण दीड ते दोन मिलिमीटर रुंद असतात. कीड जिवंत आहे की जुनी, हे ओळखण्यासाठी पायाखाली काळा कागद ठेवा आणि मे ते ऑगस्ट या महिन्यांत त्यावर लक्ष ठेवा, कारण इंग्लंडमध्ये प्रौढ भुंगेरे लाकडातून त्याच सुमारास बाहेर पडतात. कागदावर ताजे पीठ पडले आणि भोकांच्या आतली कड फिकट, स्वच्छ दिसली तर कीड चालू आहे. तसे असेल तर बाजारातले कीटकनाशक रंगीत बाजूने भोकांत मारू नका. त्यातला द्रावक रंग उचलतो. रंगीत वस्तूंसाठी हवाबंद पिशवीतला प्राणवायू काढून कीड गुदमरवण्याची पद्धत अधिक सुरक्षित आहे आणि ती जतनतज्ज्ञांमार्फत करून घेता येते.

मुलाबद्दल आपण पत्रात एकच वाक्य लिहिले आहे, मला मात्र ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. या काळातल्या पांढऱ्या आणि हस्तिदंती रंगात शिसे असण्याची शक्यता खूप मोठी आहे. टायटॅनियमचा पांढरा रंग १९२० च्या दशकानंतर हळूहळू रूढ झाला, आणि ब्रिटनमध्ये शिसेयुक्त रंगांच्या घरगुती वापरावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली ती १९९२ साली. अखंड, व्हार्निशखालचा रंग घरात असण्याने लगेच अपाय होत नाही. अपाय होतो तो त्याच्या धुळीने आणि पापुद्र्यांनी, आणि अडीच वर्षांच्या मुलाचा हात जमिनीवरून थेट तोंडात जातो. म्हणून पोपडे बसवून होईपर्यंत टेबल त्याला जाता येणार नाही अशा, दार लावता येणाऱ्या खोलीत हलवा. जिथे ते होते तिथली जमीन झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसा आणि फडके टाकून द्या. त्याने पापुद्रा चघळल्याची शंका जरी आली तरी आपल्या डॉक्टरांना सांगून रक्तातले शिसे तपासून घ्या. पॉलिशपेपर आणि गरम हवेचे यंत्र या दोन गोष्टी रंग काढण्याचा विचार आपण सोडला तरी येथे सांगून ठेवतो : एकाने शिशाची धूळ उडते, दुसऱ्याने वाफ होते, आणि दोन्ही घरभर पसरतात.

खोली कोणती निवडावी? रेडिएटरजवळची कधीच नको. पोपडे उजव्याच बाजूला सुटले आहेत, आणि रेडिएटर त्याच बाजूला असेल तर कारण शोधायला लांब जायला नको. लाकूड कोरड्या उष्णतेने आडवे आकसते, वरचा ताठर गेसो आकसत नाही, आणि दोघांची साथ सुटते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांच्या आसपास आणि शक्यतो स्थिर राहील, थेट ऊन पडणार नाही, आणि बाहेरच्या ओलसर भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा राहील, अशी जागा पाहा. आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र स्वस्त मिळते. ते टेबलाजवळ वर्षभर असू द्या.

गणपतीचे आसन म्हणून हे टेबल वापरू नये असे मी स्पष्टपणे सांगेन, आणि ते पोपडे बसवून झाल्यानंतरही. मूर्तीचा भार हा त्यातला लहान प्रश्न आहे. पंचामृत, दूर्वांचे पाणी, समईचे तेल आणि तिची धग, धुपाची काजळी, आणि सर्वांत वाईट म्हणजे हळद-कुंकू : हळदीचा रंग तड्यांतून गेसोमध्ये उतरला तर तो कोणालाही काढता येणार नाही. वर काच ठेवणे हाही उपाय नव्हे, कारण काच आणि व्हार्निश यांच्यामध्ये ओल कोंडते आणि काच रंगाला चिकटते. बाप्पासाठी साधा, पुसता येणारा, भक्कम चौरंग करून घ्या. तो दरवर्षी उपयोगी पडेल. दहा दिवसांच्या वर्दळीत टेबल आतल्या खोलीत न्यायचे झाले तर दोघांनी मिळून न्यावे, आणि उचलताना वरच्या फळीला हात न लावता चौकटीला खालून धरावे.